नुसती सही

"मुलीला थोडं शिकवून आणा," नलवडे वकील म्हणाले.

मला वाटलं, अभ्यासाचं म्हणतायत. मी म्हटलं, "तिसरीत आहे साहेब, पाढे पाठ आहेत तिचे."

ते हसले. शेजारच्या खुर्चीत बसलेला दुसरा कुणी पक्षकार होता, तोही हसला. मग नलवडे जरा पुढं वाकून म्हणाले, "पाढे नव्हे हो, वैजयंताबाई. गुरुवारी न्यायाधीश तुमच्या कस्तुरीला आत बोलावतील. चार प्रश्न विचारतील. तिनं सांगायचं, पप्पा दारू पिऊन येतात, पप्पा पट्ट्यानं मारतात. रडली तर फारच उत्तम."

"दिगंबर दारू पीत नाही."

"तुम्हाला त्याचा एवढा पुळका का? घटस्फोट झालाय ना तुमचा?"

"झालाय की! म्हणून काय खोटं बोलू? आणि तेही लेकराच्या तोंडून?"

"मग मुलगी गेली म्हणून समजा," ते म्हणाले आणि फायली चाळायला लागले. "तिकडून शिकवून आणणारच आहेत. सगळेच आणतात."

माझं डोकंच फिरलं. मी एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर पन्नास माणसांशी हुज्जत घालणारी बाई, माझा आवाज काही बारीक नाही. पण त्या दिवशी मी तो चढवला नाही, कारण गुरुवार चार दिवसांवर आला होता आणि गुरुवारी माझी कस्तुरी कुठं राहणार ते ठरणार होतं.

दिगंबरचा आणि माझा घटस्फोट राजीखुशीनं झाला होता. पटत नव्हतं, बाजूला झालो. भांडी फोडली नाहीत की पोलीस बोलावले नाहीत. कस्तुरी माझ्याकडे राहील, रविवारी तो तिला फिरवून आणेल, हे त्यानंच कबूल केलेलं. पण त्यानं दुसरं लग्न केलं आणि वर्षाच्या आत कोर्टात अर्ज टाकला, की आता माझ्या घरी पूर्णवेळ बाई आहे, हिच्या घरी कुणी नसतं, सबब मुलीचा ताबा मला द्या. माझ्या घरी माझी आई होती. ती कुणी नव्हती वाटतं! शिवाय केस संपेपर्यंत तरी मुलगी आपल्याकडे द्यावी, असा वेगळा अर्ज होता, आणि गुरुवारची तारीख त्याचीच. केस संपेपर्यंत म्हणजे पोरगी मोठी होईपर्यंतच की.

"आपण त्याच्या अर्जाला उत्तर काय दिलंय?" मी विचारलं.

"देऊ की."

"म्हणजे दिलंच नाही? वर्ष झालं, साहेब!"

"तारखा घेतल्या ना आपण." त्यांनी दिगंबरचा अर्ज माझ्यापुढं टाकला. "घ्या, वाचा, तुमचं समाधान होऊ दे."

तो मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'सामनेवाली ही कामाच्या नावाखाली रात्री-अपरात्री परपुरुषासोबत मोटारसायकलवरून फिरते व तिचे वर्तन अल्पवयीन मुलीच्या संगोपनास अपायकारक आहे.'

परपुरुष म्हणजे कोण, तर शिकलगारमामा. माझ्या गाडीचे ड्रायव्हर. पांढरी दाढी, गुडघ्याला पट्टा, रिटायर व्हायला आलेले. आमची शेवटची फेरी डेपोत लागली की रिक्षा मिळत नाही, डेपो गावाबाहेर. मामा मला त्यांच्या मोटारसायकलवरून घरापर्यंत सोडायचे. दिगंबरसोबत मी नांदत होते, तेव्हाही तेच सोडायचे, आणि हाच दिगंबर त्यांना आत बोलावून चहा पाजायचा!

मी नलवड्यांना म्हटलं, "असलं घाण लिहिलंय माझ्याबद्दल, आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत?"

"अहो, हे वाक्य ठरलेलं असतं. बाई असली की हे घालायचं, पुरुष असला की दारू घालायची. मनावर नसतं घ्यायचं."

ठरलेलं वाक्य! म्हणजे माझी अब्रू हा यांच्याकडचा नमुना. नाव बदललं की झालं.

"माझे कागद द्या," मी उठले. "मला तुमचं काम नको."

"राहिलेली फी भरा, मग कागद. आणि दुसरा वकील करायचा तर माझी ना-हरकत लागेल. ती नसली तर या आवारातला एकही वकील तुमचं वकीलपत्र घेणार नाही. करा चौकशी."

चौकशी केली. माणूस खरं बोलला होता. तीन जणांकडे गेले. एकानं फीचा आकडा असा सांगितला, की मी आल्या पावली मागं फिरले. दोघं म्हणाले, नलवड्यांची केस ना, मग नको ताई, रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला मी गाडीत होते, पण चित्त कुठं होतं कोण जाणे. दोन तिकिटं चुकीची काढली. पुढच्या स्टॉपला उतरणाऱ्या म्हातारीसाठी बेल द्यायची विसरले, तर ती अशी ओरडली की मामांनी कचकन ब्रेक मारला.

"काय गं वैजू," मामा आरशातून म्हणाले, "आज गाडी कोण चालवायलंय, तू का मी?"

आमच्या गाडीला ढालेबाई रोज असायच्या. पल्लवी ढाले. तिशीच्या आतबाहेरची पोरगी, काळा कोट हातावर टाकलेला, जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करायची. पासवाली असल्यानं माझं तिच्याशी बोलणं 'पास' आणि 'बघितला' एवढंच. त्या दिवशी मीच तिच्या शेजारी जाऊन बसले.

"मॅडम, तुमची फी किती असते?"

"कशासाठी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, ते वाक्य सोडून. ते मामांच्या कानावर गेलं असतं. ढालेबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही मोफत वकील का नाही मागितलात? कोर्टातच खोली आहे, विधी सेवेची."

"गेले होते की! केस लागली तेव्हा पहिल्यांदा तिथंच गेले. पगारदार बाईला मिळत नाही म्हणाले. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणा, तोही अमुक रकमेच्या आतला."

"कोण म्हणालं?"

"साहेब."

"कोण साहेब?"

"तिथं दारातच टेबल टाकून बसतात ते. पांढरा सफारी, जाड चष्मा."

ढालेबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तो साहेब नाही हो! तो टायपिस्ट आहे. बाहेरचा. त्याचा आणि त्या खोलीचा काडीचा संबंध नाही. ताई, बाईमाणसाला वकील फुकट मिळतो. पगार कितीही असो. कायद्यातच आहे तसं."

"वर्षभर नलवड्यांना फी देत आले मी," मी म्हटलं.

"आणि नलवड्यांकडे तुम्हाला कुणी पाठवलं?"

कुठल्या तोंडानं सांगणार! कारण पाठवलं होतं त्यानंच. चिठ्ठीवर नाव लिहून दिलं होतं, वर म्हणाला होता, 'माझं नाव सांगा, कमी घेतील.' आणि मी त्याला हात जोडून आले होते! दाराशी बसला, ऐटीत बसला, म्हणून त्यालाच ऑफिस समजले. रोज माणसं ओळखायचा माझा धंदा, आणि मला एका टायपिस्टानं दारातून परत पाठवलं. आत जाऊन बघायची अक्कल मला सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि कोर्टात गेले. सफारी होताच. समोर एक बाई उभी, कडेवर मूल. तो तिला सांगत होता, "दाखला लागतो ताई. त्यापेक्षा मी एक चांगले वकील सांगतो..."

"अरे ए!" मी जी आरोळी ठोकली, ती स्टँडवर ठोकतात तशी. सगळा व्हरांडा वळला. "कुणाचा रे तू साहेब? कुणी बसवला तुला इथं? बाईला वकील फुकट मिळतो हे तुला माहीत नाही, का माहीत असून लोकांचे तळतळाट घेतोस?"

"बाई, आवाज खाली. कोर्ट आहे हे."

"मग कोर्टातच बोलतेय! बाजारात असते तर हात उचलला असता!"

कडेवर मूल घेतलेल्या त्या बाईचा दंड धरला आणि तिला घेऊन त्याच्या टेबलाला वळसा घालून आत शिरले. आत एक मॅडम बसलेल्या होत्या. निवांत. टेबलावर अर्जांचा गठ्ठा कोरा पडलेला. त्या म्हणाल्या, "या ना, बसा. हल्ली कुणी येतच नाही."

मला हसावं की रडावं कळेना. कशा येतील? भिंतीपलीकडून तो एकेकीला परत पाठवत होता, आणि ह्या आत बसून बायकांची वाट बघत होत्या! मी सांगितलं तसं त्या उठून बाहेर गेल्या आणि त्याला टेबल उचलायला लावलं. वर्षभर आधी का गेल्या नाहीत, ते मी विचारलं. त्यांनी एक कोरा अर्ज माझ्यापुढं सरकवला.

ढालेबाई त्या खोलीच्या वकिलांच्या यादीत होत्या, म्हणून त्यांनाच मागितलं. त्यांनी कोर्टातून अर्जाची नक्कल मिळवली आणि आमचं उत्तर लिहायला घेतलं. ते वाक्य त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि फक्त म्हणाल्या, "हे गृहस्थ गुरुवारी येतील का?"

"येतील. पण त्यांना हे लिहिलेलं माहीत नाही."

"सांगून ठेवा."

"मॅडम, कसं सांगू? त्या माणसानं मला लेकीसारखं वागवलंय."

"बरं. दिगंबररावांबद्दल काय लिहू? दारू, मारहाण, काही?"

"खरं लिहा. पोरीवर जीव आहे त्याचा. पण तिची शाळा, तिची आजी, तिच्या मैत्रिणी इथं आहेत, आणि ती माझ्याजवळ सुखात आहे. एवढं पुरत नाही का?"

"पुरायला पाहिजे," ढालेबाई म्हणाल्या.

मामांना मी एवढंच सांगितलं, की कोर्टात साहेबांनी विचारलं तर मला घरी सोडता म्हणून सांगायचं. ते खाकी कपड्यांत, धुऊन इस्त्री करून आले. कस्तुरीसाठी खिशात लिमलेटच्या गोळ्या आणल्या होत्या.

पुकारा झाला. ढालेबाई उठल्या, तसे नलवडेही उठले. "साहेब, या प्रकरणात वकीलपत्र माझं आहे. मी ना-हरकत दिलेली नाही."

न्यायाधीश वयस्कर होते. मला म्हणाले, "काय बाई, वकील का बदलताय?"

ढालेबाईंनी मला बजावलं होतं, या कोर्टात पक्षकारानं स्वतः बोललेलं चालतं, घाबरायचं नाही. मी म्हटलं, "साहेब, मी कंडक्टर आहे. पॅसेंजरला मध्येच उतरायचं असलं तर मी बेल देते, धरून ठेवत नाही. मला यांच्या गाडीतून उतरायचंय. यांनी वर्षभर उत्तर दिलं नाही, आणि माझ्या मुलीला खोटं शिकवून आण म्हणाले."

मागं खसखस पिकली. नलवडे लालेलाल झाले. "साहेब, ही बदनामी आहे!"

"मग माझी लिहिलीय ती काय आहे?" मी म्हटलं.

साहेबांनी हातानंच दोघांना गप्प केलं आणि ढालेबाईंना काम चालवायची परवानगी दिली. मग दिगंबरचा वकील उभा राहिला. मुलीचं हित, आईची नोकरी, अमुक तमुक, आणि शेवटी ते वाक्य. मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द तोलून वाचलं त्यानं. रात्री-अपरात्री. परपुरुषासोबत. मोटारसायकलवरून.

मी मागं वळून बघायला नको होतं, पण बघितलं. मामांच्या हातात टोपी होती. ती ते नुसती फिरवत होते.

"कोण ही व्यक्ती?" साहेबांनी विचारलं.

कुणी काही बोलायच्या आत मामा बाकाच्या मधनं वाट काढत पुढं आले. "तो परपुरुष मी, साहेब."

साहेबांनी लिहायचं थांबवून त्यांच्याकडे बघितलं.

"माझी धाकटी लेक हिच्यापेक्षा मोठी आहे," मामा म्हणाले. "डेपोपासनं हिच्या घरापर्यंत दिवा नाही एक. म्हणून सोडतो. यांच्या घरात चहा प्यालोय मी." त्यांनी दिगंबरकडे बघितलं. "किती वेळा प्यालो, सांगा की."

दिगंबर खाली बघत राहिला. मला वाटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. नाही उघडलं.

साहेबांनी कस्तुरीला आत नेलं. दार लागलं. ते उघडेपर्यंत माझा जीव माझ्यात नव्हता. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं, 'विचारतील त्याचं खरं उत्तर दे' एवढंच. आणि नलवड्यांचे शब्द डोक्यात घण घालत होते, सगळेच शिकवून आणतात, सगळेच आणतात.

ती बाहेर आली ती मामांनी दिलेली गोळी चघळत. साहेब जागेवर बसले आणि दिगंबरला म्हणाले, "तुम्ही मुलीला काय शिकवून ठेवलं होतं?"

"काही नाही, साहेब."

"तिनं मला काय विचारलं माहितीये? म्हणाली, पप्पांनी सांगितलेलं म्हणू, का माझं म्हणू?"

दिगंबरच्या वकिलानं कागद आवरायला घेतले. मला मात्र तिथं उभं राहवेना. आठ वर्षांचं लेकरू! तिच्या डोक्यात कुणीतरी दुसऱ्याचं बोलणं भरलं, आणि ती बिचारी परवानगी मागत होती, की माझं म्हणू का? मला इतका संताप आला, की रडू फुटलं.

साहेबांनी निकाल तिथंच दिला. कस्तुरी आईकडे राहील, वडिलांनी एक आड एक रविवारी न्यावं. पुढं मूळ केसही तशीच संपली. मी जिंकले.

त्या गुरुवारी बाहेर पडताना फाटकाशी दिगंबर थांबला होता. कस्तुरी माझ्या हाताला धरून. तो म्हणाला, "वैजू, ते तसलं मी नव्हतं लिहिलं. वकिलानं लिहिलं. असं लिहावंच लागतं म्हणाला. मी नुसती सही केली."

"नुसती?"

"तुला माहितीये, माझ्या मनात तसं काही नाही."

"मनात नाही, म्हणूनच जास्त वाईट आहे! मनात असतं तर निदान तुला वाटतं म्हणून लिहिलंस असं झालं असतं. मला काय शिकवत होते माहितीये? दिगंबर पट्ट्यानं मारतो म्हण. पोरीला रडायला लाव. केली असती मी नुसती सही, तर? चाललं असतं तुला?"

त्यानं कस्तुरीच्या केसांवरून हात फिरवला. मी म्हटलं, "माझं जाऊ दे. मामांच्या पाया पड जाऊन. ते बघ, तिथं उभे आहेत."

तो त्या बाजूला बघत राहिला. मग म्हणाला, "नंतर भेटतो त्यांना," आणि गेला. ते नंतर कधी आलंच नाही.

दोन दिवसांनी आमची दुसरी पाळी होती. शेवटची फेरी लागली, मी हिशोब भरला आणि नेहमीसारखी मोटारसायकलपाशी जाऊन उभी राहिले. मामा म्हणाले, "वैजूबेटा, आजपासून गाडीवर नको."

"अहो मामा! जिंकलो आपण! साहेबांनी सगळ्यांसमोर..."

"तू जिंकलीस, लई बरं झालं. पण ते वाचलं की सगळ्यांसमोर. घरी सुना आहेत मला. डेपोत पोरं हसत्यात, तुला नाही ऐकू यायचं, मला येतं." त्यांनी किल्ली खिशात टाकली. "माझं काय, मी म्हातारा. तुझं नाव पुन्हा कुणी घ्यायला नको."

"मग मी जाते एकटी."

"एकटी कशी जाशील? चल."

त्या रात्रीपासून रिटायर होईपर्यंत मामा मला चालत सोडायचे. मी पुढं, आणि मागं वीस पावलांवर ते, एवढी जड मोटारसायकल हातानं ढकलत. गुडघ्याला पट्टा बांधलेला. चढावर थांबायचे, दम घ्यायचे, पुन्हा ढकलायचे. मी कितीदा भांडले, रडले, पाया पडले, ऐकलं नाही. मागून त्यांचा श्वास ऐकू यायचा आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. वाटायचं, त्या दिगंबरला धरून आणावं, ठरलेलं वाक्य लिहिणाऱ्या त्या वकिलाला आणावं, आणि म्हणावं, ढकला. माझ्या गल्लीच्या तोंडाशी आलो की मामा उभे राहायचे, मी आत गेलेली बघायचे, आणि मगच किक मारायचे.